अप्पांची गोळी कोणी बंद केली

तीन पिढ्या लोकांचे तराजू दुरुस्त करणाऱ्या या घराण्याने आजवर कोणावर अन्याय केलेला नाही. हे अक्कांचं वाक्य. मंगळवारी दुपारी चार वाजता, हॉस्पिटलच्या दुसऱ्या मजल्यावर, चार-चारच्या रांगेत एकमेकींना बोल्टने जखडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांपैकी एकीवर ताठ बसून त्यांनी ते उच्चारलं, आणि साधारण दीड मिनिटाने आपल्या थोरल्या भावजयीला विचारलं, “अप्पांची गोळी तू कोणाला विचारून बंद केलीस?”

थोरली तेव्हा अप्पांचा चष्मा रुमालाने पुसत होती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असल्यामुळे सिस्टरने चष्मा काढून तिच्या हातात दिला होता आणि गेले पाच दिवस ती तो पुसत होती. आयुष्यात कधी नव्हता इतका तो स्वच्छ झाला होता.

“डॉक्टरांना विचारून,” ती म्हणाली.

“कोणत्या?”

“कोपऱ्यावरच्या.”

“कोपऱ्यावरच्या,” अक्का म्हणाल्या, आणि एवढ्या एका शब्दात त्यांनी त्या सज्जन माणसाची पदवी काढून घेतली.

अक्का म्हणजे अप्पांची सगळ्यात मोठी मुलगी. तीस वर्षं मुख्याध्यापिका होत्या. चार वर्षांपूर्वी शाळेने त्यांना निरोप दिला, पण त्यांनी शाळेला दिला नाही. पर्समध्ये अजून लाल पेन असे. त्या पेनाने चार ठिकाणी अधोरेखित केलेलं वर्तमानपत्राचं कात्रण त्यांनी आता बाहेर काढलं आणि थोरलीच्या मांडीवर ठेवलं. कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी घेणाऱ्या माणसांना विषाणूमुळे फुप्फुसाचा आजार झाला तर त्यांच्यातले कमी लोक दगावतात, असं कुठल्याशा पाहणीत दिसून आलं होतं. ‘कमी’ या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

अप्पांना नेमका तोच आजार झाला होता. बुधवारी साधा खोकला, गुरुवारी ताप, आणि शुक्रवारी पहाटे दम इतका लागला की स्वतःचं नाव सांगायला त्यांना दोनदा श्वास घ्यावा लागला. तेव्हापासून ते त्या जाड काचेच्या दारापलीकडे होते. वय एकोणऐंशी. आणि आज सकाळी छातीच्या डॉक्टरीणबाईंनी घरच्या औषधांची यादी मागितली तेव्हा थोरलीने जे खरं ते सांगितलं होतं: रात्रीच्या गोळ्यांचा डबा मी भरते, रक्तदाबाची एक, प्रोस्टेटची एक, कोलेस्टेरॉलची एक, पण ही शेवटची तीन आठवड्यांपूर्वी बंद केली, पाय फार दुखायचे म्हणून. डॉक्टरीणबाईंनी मान हलवून लिहून घेतलं होतं. थोरल्याने मात्र ते फोनवर अक्कांना सांगितलं होतं. सांगण्यासारखं दुसरं काही नव्हतं म्हणून.

थोरला हा तिचा नवरा. तो या क्षणी पाण्याच्या मशीनजवळ उभा राहून मशीनच्या मागची बाजू निरखत होता.

“म्हणजे बघ,” अक्का म्हणाल्या, “अकरा वर्षं गोळी चालू. अकरा वर्षं अप्पांना काही झालं नाही. गोळी बंद केलीस, तीन आठवड्यांत माणूस ऑक्सिजनवर. मी काही डॉक्टर नाही. पण मला वजाबाकी येते.”

“अक्का, साथ सगळ्या गावात आहे. आमच्या गल्लीत सात जणांना झालं.”

“त्यांच्याही सुनांनी बंद केली असेल.”

समोरच्या रांगेतून कोणीतरी हसल्यासारखा आवाज केला. तो धाकटा होता. अप्पांचं शेंडेफळ, वय एकेचाळीस, व्यायामशाळा चालवतो. दोन पळण्याची यंत्रं आणि आरसेच आरसे. तो मुद्दाम समोरच्या रांगेत बसला होता, कारण सहा वर्षं तो आणि अक्का एकमेकांशी बोलत नव्हते. दुकानाच्या वाटण्या झाल्या तेव्हा आजोबांचा पितळी तराजू कोणाच्या घरी जायचा यावरून जे झालं ते झालं. तराजू अक्कांकडे गेला. आता तो त्यांच्या दिवाणखान्यात टांगलेला आहे आणि त्याच्या दोन्ही पारड्यांत मनी प्लँट आहे.

“वहिनी,” धाकटा म्हणाला, “त्यांना सांगा, ती गोळी म्हणजे विष आहे.”

“ऐकू आलं मला,” अक्का थोरलीला म्हणाल्या. “त्याला सांग, विष असतं तर अकरा वर्षांत लागू पडलं असतं.”

“त्यांना सांगा, हळूहळू लागू पडतं. स्नायू खातं. अप्पांचे पाय गेलेच होते की. छाती म्हणजे काय, तीही स्नायूच. मी तीन व्हिडिओ पाठवले होते. अमेरिकेतला डॉक्टर सांगतोय. वहिनींना पाठवले, दादाला पाठवले. कोणी उघडले नाहीत. खाली निळी खूण आली नाही.”

“त्याला सांग, जो डॉक्टर दवाखाना सोडून व्हिडिओ करतो त्याच्याकडे पेशंट का नाहीत ते आधी विचार.”

थोरली दोघांच्या मध्ये बसून, दोन्हीकडून आलेले निरोप आपल्यापाशीच ठेवून घेत होती. पोचवायची गरज नव्हती. दोघांच्यात सहा फुटांचं अंतर होतं आणि दोघांचेही कान शाबूत होते. सहा वर्षं ती हे काम करत आली होती. समारंभात, फोनवर, अप्पांच्या मोतीबिंदूच्या वेळी. या घरात तिचे अनेक उपयोग होते, त्यातला हा एक. तिच्या मनात आलं की आज निदान एक बरं आहे: दोघं भांडतायत, म्हणजे आपल्याला कोणी काही म्हणणार नाही.

इथे तिचा अंदाज चुकला. आणि तिचा अंदाज सहसा चुकत नसे. दुकानातली लहान वजनं, सोनारांची, औषधवाल्यांची, तीच जमवायची. थोरल्याचा हात जड. वजनाच्या पोटात शिशाचा कण कमी-जास्त करायचं काम अप्पांनी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिच्याकडे दिलं आणि परत कधी मागितलं नाही.

“थांबा,” धाकटा म्हणाला. तो उठला, मधली मोकळी जागा ओलांडून आला आणि सहा वर्षांत पहिल्यांदा सरळ बहिणीकडे बघून बोलला. “अक्का, तू म्हणतेस ते मला पटत नाही. पण एक सांग. गोळी द्यायचं कोण?”

अक्कांनी भावाकडे पाहिलं. चेहऱ्यावर काहीतरी हललं. “हीच,” त्या म्हणाल्या.

“आणि बंद कोणी केली?”

“हिनेच.”

“मग आपलं भांडण कशाबद्दल आहे?”

खरोखरच कशाबद्दल नव्हतं. एकीच्या मते वडील मरणाच्या दारात होते कारण थोरलीने गोळी बंद केली. दुसऱ्याच्या मते ते तिथे होते कारण थोरलीने ती अकरा वर्षं दिली. दोन मतं एकमेकांच्या पार विरुद्ध होती आणि दोन्हीतून गुन्हेगार एकच निघत होता. सहा वर्षांचा अबोला मिटायला याहून भक्कम पाया मिळाला नसता. अक्कांनी शेजारच्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली आणि धाकटा तिथे बसला.

“वाळलास रे,” अक्का म्हणाल्या.

“तसं नाही. चरबी कमी केली.”

थोरलीने चष्मा डबीत ठेवला आणि डबी बंद केली. डबीचा आवाज जरा मोठा झाला.

तिला आठवत होता तो औषधांचा डबा, सात झाकणांचा, रविवार ते शनिवार. प्रत्येक रविवारी दुपारी दुकान बंद असताना ती टेबलावर कागद पसरायची, पट्ट्या कात्रीने कापायची आणि सात खणांत गोळ्या टाकायची. अकरा वर्षांचे रविवार. त्यातल्या एकाही रविवारी अक्कांचा फोन या कारणासाठी आला नव्हता. धाकट्याला तो डबा मोबाइलच्या हेडफोनचा वाटला होता, त्याने तसं विचारलंही होतं. अप्पा रात्री जेवण झाल्यावर खण उघडायचे, गोळ्या तळहातावर घ्यायचे, एकदा वरखाली करून अंदाज घ्यायचे, आणि म्हणायचे, “बरोबर आहे.” हे प्रमाणपत्र तिला रोज मिळे. हे एकच मिळे.

“हे बघ,” अक्का म्हणाल्या. आता आवाज शाळेच्या ऑफिसातला होता. “कोणी तुला शिक्षा करत नाहीये. पण उद्या काही बरंवाईट झालं तर घरात चार तोंडं चार गोष्टी बोलतील. ते नको. तू लिहून दे.”

“काय लिहून देऊ?”

“हेच. गोळी मी अमुक तारखेला बंद केली, घरात कोणाला विचारलं नाही.”

“आणि त्याआधी अकरा वर्षं मी दिली,” धाकट्याने भर घातली. “तेही त्यातच येऊ दे. एकाच कागदावर होईल.”

“आणि दुकानाचंही बघायला हवं,” अक्का म्हणाल्या. “बारीक वजनांचं काम हिच्या हातात ठेवायचं का, याचा विचार करायला हवा. माणसाच्या औषधात जी हयगय करते ती...” त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं. राहिलेलं सगळ्यांना ऐकू गेलं.

थोरलीसाठी दुकान म्हणजे मागच्या खिडकीजवळचं तिचं टेबल, काचेच्या पेटीतला तो नाजूक काटा, चिमटा, शिशाच्या कणांची बाटली. सकाळी दहा ते एक तिला तिथे कोणी हाक मारत नसे, कारण हाक मारली तर काटा हलायचा. तेवढे तीन तास तिचे होते. ते आता एका कात्रणाच्या जोरावर काढून घ्यायचं चाललं होतं.

“अहो,” ती नवऱ्याला म्हणाली.

थोरला पाण्याच्या मशीनपासून आला. “थंड पाण्याचा नळ बंद आहे,” त्याने माहिती दिली. “आतला फ्लोट अडकलाय. दोन मिनिटांचं काम.”

“तुम्ही होतात ना तेव्हा? कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे अप्पांना आपण दोघं घेऊन गेलो होतो. डॉक्टर काय म्हणाले ते यांना सांगा.”

थोरल्याने बहिणीकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि ते दोघं शेजारी-शेजारी बसलेत हे त्याच्या लक्षात आलं. या दृश्याने त्याला धक्का बसला. अशा वेळी कुठल्या बाजूला उभं राहायचं याचा सराव त्याला नव्हता. आतापर्यंत बाजू दोन असायच्या आणि तो मध्ये उभा राहायचा.

“मी होतो,” तो म्हणाला. “पण मी तेव्हा डॉक्टरांचा वजनकाटा बघत होतो. चारशे ग्रॅम जास्त दाखवत होता.”

“डॉक्टर म्हणाले, महिनाभर बंद ठेवा, पाय दुखायचे थांबतात का बघू, मग ठरवू. तुमच्या कानावर नाही पडलं?”

“काहीतरी म्हणाले खरं. महिना असा शब्द होता त्यात.” त्याने थोडा विचार केला. “लिहून दे ना. कागद तर आहे. अप्पा बरे झाले की फाडून टाकू.”

“आणि नाही झाले तर?”

थोरला परत मशीनकडे बघायला लागला.

थोरलीने पर्समधून डायरी काढली, एक पान फाडलं आणि अक्कांकडे हात पुढे केला. “पेन द्या.”

अक्कांनी लाल पेन दिला. देताना त्यांच्या चेहऱ्यावर मुलाने अखेर चूक कबूल केल्यावर शिक्षकांच्या चेहऱ्यावर येतं ते समाधान होतं. थोरली मांडीवर डायरी धरून लिहायला लागली. ती बराच वेळ लिहीत होती. धाकटा वाकून बघायचा प्रयत्न करत होता. पान भरलं, तिने उलटलं, दुसऱ्या बाजूला अर्ध्यापर्यंत आली आणि थांबली. मग कागद अक्कांना दिला.

अक्कांनी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, कारण त्यांना दुसऱ्या प्रकारे वाचता येत नसे.

“अकरा वर्षं दर रविवारी मी अप्पांच्या औषधांचा डबा भरला. गोळ्या संपायच्या आधी चार दिवस आणून ठेवल्या. वर्षातून दोनदा रक्त तपासायला नेलं. मोतीबिंदूच्या वेळी दिवसातून सहा वेळा थेंब घातले. पाय दुखतात हे त्यांनी मला सांगितलं, कारण विचारणारी मी होते. डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी महिनाभर गोळी बंद करायला सांगितली. मी केली. पाय दुखायचे कमी झाले. गेल्या आठवड्यात ते दुकानाची पायरी हात न धरता चढले.” इथे अक्कांचा आवाज जरा खाली आला. “खाली बाकीच्यांनी या अकरा वर्षांत अप्पांच्या तब्येतीसाठी काय केलं ते लिहून सही करावी. अक्का, दोन ओळी. भाऊजी, दोन ओळी. हे, दोन ओळी.”

तीन नावांसमोर सहा रेघा आखलेल्या होत्या. सरळ होत्या. लहान वजनांच्या हाताच्या.

“हा उद्धटपणा आहे,” अक्का म्हणाल्या.

“हिशेबी काम आहे. तुम्हीच म्हणालात ना, तुम्हाला वजाबाकी येते.”

“मी फोन करत होते.”

“लिहा मग. फोन केला.”

धाकट्याने पेन घेतला. तो मनाने वाईट नव्हता, फक्त त्याच्या मनाला व्यायाम नव्हता. त्याने पहिल्या ओळीवर लिहिलं, ‘व्हिडिओ पाठवले.’ दुसऱ्या ओळीवर पेन टेकवून तो बराच वेळ बसला. मग त्याने पेन बंद केला आणि कागद थोरल्याकडे सरकवला. थोरल्याने तो उलटा धरून पाहिला आणि खिशात ठेवला.

“खिशात का ठेवलास?” अक्का म्हणाल्या. “तो पुरावा आहे.”

“हो,” थोरला म्हणाला. “म्हणूनच ठेवला.” हे त्या दिवसातलं त्याचं सगळ्यात धीट वाक्य होतं, आणि बोलून झाल्यावर तो स्वतःच थोडा घाबरला.

पाच वाजायला दहा मिनिटं असताना काचेचं दार उघडलं आणि छातीच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तिशीतल्या असतील. डोळ्यांखाली पाच दिवसांची जागरणं होती आणि पायात वेगवेगळ्या रंगांचे मोजे होते. चौघं एकदम उभे राहिले.

“बरे आहेत,” त्या म्हणाल्या. “दुपारी मास्क काढला. आता नाकातली बारीक नळी पुरते. बोलतायत. जेवण बेचव आहे म्हणाले. ही चांगली खूण असते.”

थोरली धपकन खुर्चीवर बसली. जखडलेल्या चारही खुर्च्या एकत्र हलल्या. अक्कांनी डोळे टिपले. हे अश्रू खरे होते, एवढं त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. मग त्यांनी कात्रण पुढे केलं.

“डॉक्टर, हे खरं आहे का?”

डॉक्टरीणबाईंनी उभ्या-उभ्या वाचलं. “अशा पाहण्या झाल्यात, हो. आधीपासून ही गोळी घेणारे लोक अशा आजारात कमी दगावले, असं काही ठिकाणी दिसलंय.”

“म्हणजे हिने गोळी बंद केली नसती तर—”

“एक विचारू?” थोरली मध्येच म्हणाली. “त्यांनी गोळी घेणारे एका पारड्यात टाकले, न घेणारे दुसऱ्या. बरोबर? पण तोलायच्या आधी दोन्ही रिकामी पारडी सारखी आहेत का, ते बघितलं होतं का?”

डॉक्टरीणबाईंनी कात्रण खाली केलं आणि तिच्याकडे नीट पाहिलं. “तुम्ही काय करता?”

“तराजू दुरुस्त करते.”

“म्हणूनच. नाही, पारडी सारखी नव्हती. तीच तर अडचण आहे. जो माणूस दहा-दहा वर्षं न चुकता एखादी गोळी घेतो, तो तपासण्या करतो, दम लागला की वेळेवर हॉस्पिटलात येतो. आणि बहुतेक वेळा त्याच्या घरी कोणीतरी ती गोळी मोजून देणारं असतं. ते देणारं माणूस पाहणीत कुठे लिहिलेलं नसतं. मग तो माणूस वाचला की श्रेय जातं गोळीला.”

थोरलीला वाटलं, आपल्याबद्दल कोणीतरी, कुठल्यातरी दूरच्या कागदावर, न लिहिता काहीतरी लिहिलं होतं आणि ते या बाईने वाचून दाखवलं. तिला रडू आलं नाही. राग आला. पाच दिवसांचा नाही, अकरा वर्षांचा.

“ऐकलंत ना अक्का?” ती म्हणाली. “कात्रणात जी माणसं वाचली ती कशाने वाचली, ते ऐकलंत? आणि मी लिहून द्यायचं.”

अक्कांनी ऐकलं होतं. त्यांनी ते न ऐकल्यासारखं करून डॉक्टरांना विचारलं, “मग पारडी सारखी करून कोणी बघितलंच नाही का?”

“बघितलं की. चिठ्ठ्या टाकून. आजारी लोकांतल्या निम्म्यांना गोळी, निम्म्यांना नाही. कुठे थोडा फायदा झाल्यासारखा वाटला, कुठे काहीच नाही. शपथेवर सांगावं असं मला तरी काही सांगता येणार नाही. हृदयासाठी मात्र ती गोळी कामाची आहे, त्याबद्दल वाद नाही. त्यामुळे मनाने बंद करू नये. यांनी मनाने केलेली नाही, विचारून केली.”

“म्हणजे विष नाही?” धाकट्याने विचारलं.

“नाही.”

“आणि गोळीनेच वाचले असते असंही नाही?” अक्कांनी विचारलं.

“तसंही नाही.”

बहीण-भावाने एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या पायाखालची समाईक जमीन एकाच वेळी गेली होती. धाकट्याने सावकाश उठून समोरच्या रांगेत आपली जुनी खुर्ची धरली. जाता जाता तो थोरलीजवळ थांबला आणि म्हणाला, “वहिनी, मी फक्त स्नायूंचं म्हणत होतो.” या घराण्यात माफी याहून स्पष्ट मागितली जात नाही.

“तरी कोणाची ना कोणाची तर चूक असेलच,” अक्का म्हणाल्या. “विनाकारण इतकं आजारी कोणी पडतं का?”

“विषाणूमुळे पडतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “चला, दोघांना आत सोडते. दहा मिनिटं. डबा भरणाऱ्या या, आणि तुमच्यापैकी एक.”

तुमच्यापैकी एक म्हणजे अर्थात अक्का. आत शिरताना त्यांनी पर्स सरळ केली. थोरलीला कळलं की चौकशी संपलेली नाही, फक्त दुसऱ्या खोलीत भरते आहे.

अप्पा उशीला टेकून बसले होते. पाच दिवसांत अर्धे झाले होते. दाढीचे खुंट पांढरे, नाकात नळी, डोळे मात्र जागे. थोरलीने डबी उघडून चष्मा त्यांच्या नाकावर चढवला. त्यांनी दोघींना आळीपाळीने पाहिलं.

“फार लख्ख केलास,” ते थोरलीला म्हणाले. “सगळंच दिसायला लागलं.”

“अप्पा, बोलू नका, दम लागेल,” अक्का म्हणाल्या. “मी विचारते, तुम्ही फक्त मान हलवा. तुमची कोलेस्टेरॉलची गोळी हिने बंद केली, हे तुम्हाला माहीत होतं का?”

अप्पांनी मान हलवली.

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“त्यात काय बोलायचं?” अप्पा म्हणाले. आवाज घासलेला, पण घाई नव्हती. “तिची बंद केली. माझी चालू होती.”

पलंगाच्या पायथ्याशी कागद बघत उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. “तुमची म्हणजे?”

“दवाखान्यातली. म्हाताऱ्यांचा दवाखाना आहे ना पाण्याच्या टाकीजवळ. पहिल्या तारखेला पट्ट्या मिळतात. तीच गोळी, कंपनी दुसरी. दुकानात खणात असते, वजनाच्या ठोकळ्यांजवळ. सकाळी चहाबरोबर घेतो.”

“आणि रात्री सूनबाईंच्या डब्यातली?”

“तीही.” त्यांनी श्वास घेतला. “एका दुकानच्या मालावर माणसाने विसंबू नये. आमच्यात पद्धत आहे. मोठं वजन तपासायचं तर दोन ठिकाणची खात्रीची वजनं वापरायची. एक खोटं निघालं तरी दुसरं खरं असतं.”

“आणि दोन्ही खरी निघाली तर?”

अप्पांनी विचार केला. साठ वर्षांच्या धंद्यात ही शक्यता त्यांच्यासमोर कोणी मांडली नव्हती.

“तसं सहसा होत नाही,” ते म्हणाले.

थोरली पलंगाची कड धरून उभी होती. कितीतरी रविवार तिच्या डोळ्यांसमोरून गेले, आणि प्रत्येक रविवारनंतरच्या सोमवारी दुकानाच्या खणाजवळ चहाचा कप. “मला का नाही सांगितलंत?” ती म्हणाली. “एकदा तरी.”

“तुला वाईट वाटलं असतं. तू इतक्या मनापासून भरायचीस.”

कोणाला काय विचारायचं हे अक्कांना आयुष्यात पहिल्यांदा सुचत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

“ही दवाखान्यातली किती वर्षं घेताय?”

“सहा. वाटण्या झाल्या त्या वर्षापासून.”

“आणि पाय दुखायला लागून?”

“असतील पाचेक वर्षं. वयामुळे.”

“डबल डोसमुळे,” त्या म्हणाल्या. “थांबले कधी?”

“तीन आठवडे झाले.”

डॉक्टरीणबाईंनी यादीतली ओळ शोधली, ‘बंद’ हा शब्द खोडला आणि त्याच्यावर ‘दररोज एक’ असं लिहिलं. तीन आठवड्यांपूर्वी थोरलीने आपली गोळी बंद केली तेव्हापासून अप्पा रोज एकच गोळी घेत होते, म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेली बरोबर तेवढीच, आणि सहा वर्षांत असं पहिल्यांदाच घडलं होतं.